आंघोळीच्या पाण्याचं काय? : पुणे जिल्हा परिषदेला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा परिषद, पुणे

सप्रेम नमस्कार.

गावपाहणीच्या कागदावर स्वयंपाकाच्या इंधनाला बहुधा एकच रकाना मिळतो: गॅस आहे की नाही. ‘आहे’पुढे बरोबरची खूण झाली की ते घर धुरातून सुटलं असं धरतात. त्याच घराच्या मागच्या अंगाला पहाटे साडेपाचला तीन दगडांवर हंडा चढलेला असतो, खाली पाचट आणि बाभळीच्या फांद्या धुमसत असतात, आणि ओट्यावरची शेगडी पाहुणा आला की चहापुरती पेटते. खूणही खरी आणि धूरही खरा.

कोणत्याही घरात एकच इंधन नसतं. भाकरीला एक, कालवणाला दुसरं, आंघोळीच्या पाण्याला तिसरं, गुरांच्या आंबोणाला चौथं, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला आणखी वेगळं. हे ठरवताना घर हिशेब करतं आणि तो हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो. तेव्हा परिषदेने घरांबरोबर कामंही मोजावीत आणि ज्या कामाला सरपण सर्वांत जास्त जळतं तिथून सुरुवात करावी, एवढी आमची विनंती आहे. आमच्या मते पुणे जिल्ह्यातल्या गॅस असलेल्या घरांत ते काम स्वयंपाकाचं नाहीच, पाणी तापवण्याचं आहे.

आकड्यांनी पाहू. पाच माणसांचं घर धरा. माणशी २० लिटर, म्हणजे १०० लिटर पाणी. थंडीत हंड्यातलं पाणी १७-१८ अंशांवर असतं, अंगावर घ्यायला ४२-४३ लागतं. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला २,५०० किलोकॅलरी उष्णता हवी. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. घरच्या शेगडीवर त्यातल्या ६० टक्के भांड्यात उतरल्या तर ६,६००. म्हणजे रोज ३८० ग्रॅम गॅस नुसता आंघोळीला, महिन्याला जवळपास साडेअकरा किलो. घरगुती टाकीत गॅस असतो १४.२ किलो. याच घराचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा एका टाकीत साधारण ४० दिवस निघतो, म्हणजे रोज ३५५ ग्रॅम. थंडीच्या दिवसांत आंघोळ स्वयंपाकापेक्षा जास्त गॅस खाते! मग कोणती शहाणी बाई हंडा शेगडीवर ठेवील? ती तो मागच्या दारी ठेवते. आणि एकदा जाळ झालाच आहे म्हटल्यावर त्याच जाळावर डाळ चढते, उरलेल्या आरावर भाकरी शेकली जाते. स्वयंपाकासाठी दिलेला गॅस स्वयंपाकालाही वापरला जात नाही त्याचं एक कारण हे आहे. चूल पेटवायला त्रास असतो, पेटलेली चूल वापरायला नसतो.

आता सरकारी आकडे या हिशेबाशेजारी ठेवा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ११.४ टक्के घरं गॅसवर मुख्य स्वयंपाक करत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी ग्रामीण घरं ४३.२ टक्के निघाली. जोडण्या पोचल्या, यात वाद नाही. पण उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी किती टाक्या भरल्या गेल्या? २०१९-२० मध्ये ३.०१, २०२३-२४ मध्ये ३.९५. वरच्या हिशेबाने वर्षाचा नुसता स्वयंपाक करायला नऊ टाक्या लागतात. चार टाक्या म्हणजे १६० दिवस. राहिलेले दोनशे दिवस कशावर जातात हे वेगळं सांगायला नको. २०२५-२६ साली टाकीमागे ३०० रुपयांची सवलत वर्षाला नऊ टाक्यांपुरती ठेवली गेली. नऊ हा आकडा स्वयंपाकाला बरोबर बसतो. आंघोळीचं पाणी त्यात कुणी धरलेलंच नाही.

म्हणून पहिली मागणी सौर बंबाची. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातून या जिल्ह्यात काही द्यायचंच असेल तर हे द्या. १०० लिटरच्या बंबाला साधारण दोन चौरस मीटर तापणारा पृष्ठभाग लागतो. ऑक्टोबर ते मे या काळात पुण्याच्या उन्हात पाणी ६० अंशांपर्यंत जातं, त्यात गार पाणी मिसळलं की पाच जणांच्या आंघोळी होऊन भांड्यांनाही उरतं. पण नुसते बंब वाटून काही व्हायचं नाही, कारण ते कुठे अडतात हे ठरलेलं आहे. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा. गावात नळाला पाणी अर्धा तास येतं आणि ते खाली पिंपात भरलं जातं. छपरावर टाकीच नसली तर बंब कोरडा राहतो. अशा घराला बादलीने वरून भरता येईल असा बंब द्यावा आणि तो जमिनीवर, दक्षिणेकडे तोंड करून, सावली नसलेल्या जागी बसवावा. भरलेला बंब सांगाड्यासकट दीडशे किलोच्या घरात जातो, कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर तो पेलत नाही. इंदापूर, बारामती, शिरूरकडे बोअरचं पाणी जड. तांब्याच्या बारीक नळ्यांत दोन-तीन वर्षांत क्षार बसून त्या चोंदतात. तिथे काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा, आणि वर्षातून एकदा पाणी सोडून आतला गाळ काढायचा. काचेच्या नळ्या रिकाम्या राहून भर दुपारी तापल्या आणि कुणी त्यांत गार पाणी सोडलं की तडकतात. भरणं पहाटेच करायचं. ही एक ओळ बंबावर मोठ्या मराठी अक्षरांत रंगवून दिली तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत. भीमाशंकरच्या बाजूला माकडांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल, तो आम्ही वनखात्यावर सोडतो.

मावळ, मुळशी, वेल्हे आणि भोरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर सौर बंबाचा उपयोग नाही, आणि नेमकं तेव्हाच घर ओलं, कपडे ओले, सरपणही ओलं. तिथे जुना, मधोमध जाळाची नळी असलेला बंबच चांगला. तीन दगडांवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी लागतो आणि बाजूने निघून जातो. बंबात नळीच्या चारही अंगांना पाणी असतं. आमच्या हिशेबाने निम्म्या सरपणात तेवढंच पाणी तापतं, आणि मक्याची बुरकुंडं, चिपाडं, काटक्या काहीही चालतं. बंब भिंतीबाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा. थंडीत पहाटेची हवा जड असते, धूर वर चढत नाही, गल्लीतच बसतो. एका घराने बंब बाहेर काढला आणि शेजारच्याच्या खिडकीखाली ठेवला तर धूर फक्त घर बदलतो.

पाण्यानंतर दुसरी टाकी. पहिली टाकी जोडणीबरोबर येते, खरी परीक्षा दुसरीला होते. दुसरी टाकी येत नाही कारण आठशे-नऊशे रुपये एकदम हातात नसतात. सवलतीचे पैसे खात्यावर येतात, २०२४ च्या अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन टाक्यांचेही येतात. पण ते नंतर येतात, आणि टाकी दारात आल्यावर नोटा आधी मोजाव्या लागतात. शेतमजूर घराच्या हातात शंभर-दोनशेच्या पलीकडे रोख क्वचितच टिकते. किराणा उधार मिळतो, गॅस मिळत नाही.

इथे पुणे जिल्ह्याला एक सोय आयती आहे. गावोगावी दूध संस्था आहेत आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. एक टाकी ४० दिवस म्हणजे चार पगार. टाकी नऊशेची धरली तर प्रत्येक पगारातून २२५ रुपये कापले की टाकी संपायच्या आत पुढच्या टाकीचे पैसे जमलेले असतात. पहिल्या फेरीपुरते पैसे संस्थेकडे फिरत्या निधीतून ठेवावे लागतील: ५० घरांना ४५,००० रुपये. एवढी रक्कम परिषदेला जड नाही आणि ती बुडतही नाही, कारण कपात पगारातूनच होते. ज्या घरात दूध नाही तिथे बचत गट आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांच्या ग्रामसंघांकडे फिरता निधी असतोच, त्यात टाकीसाठीचं कर्ज हे कारण लिहून मान्य करावं. आम्हाला विचाराल तर या एका बदलाने जेवढा धूर कमी होईल तेवढा शंभर जनजागृती मेळाव्यांनी होणार नाही.

पाच किलोची टाकी हा सरकारी उपाय कागदावर चांगला आहे. उज्ज्वलात १४.२ किलोऐवजी पाच किलोच्या दोन टाक्या घेता येतात, एकदम द्यायचे पैसे कमी होतात. पण ती १४ दिवसांत संपते. वितरकाला फेरी तेवढीच, मोबदला कमी; ग्राहकाला नंबर महिन्यातून दोनदा लावायचा. मोठ्या गावात हे जमेल, वाडीवर नाही. मात्र डोंगरावरच्या घराला तिचा एक फायदा आहे. मोठी टाकी रिकामी साधारण १५-१६ किलोची, भरली की ३० किलोची. भोर-वेल्ह्यातल्या वाडीवर गाडी रस्ता संपतो तिथे थांबते; पुढची चढण कुणाच्या खांद्यावर? घरातला पुरुष पुण्याला कामाला, टाकी खाली पडून, आणि वर घरात आजी चूल फुंकत बसलेली. पाच किलोची टाकी भरलेली असली तरी मोठीच्या निम्म्याहून हलकी असते, ती बाई नेऊ शकते. घरपोच वाहतुकीचा खर्च टाकीच्या किमतीत धरलेला असतो, हे गावाला ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीने गावच्या फलकावर वार आणि थांबा लिहून घ्यावा, आणि वरच्या वाडीपर्यंत पोचवण्याची हमाली गावातल्याच एखाद्या पोराला ठरवून द्यावी.

सरपण ‘फुकट’ मिळतं म्हणून लोक गॅस घेत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. फुकट कुणाला? हवेवर वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी, पण साध्या चुलीत त्यातल्या १२ टक्केच भांड्याला लागतात. त्या हिशेबाने एका टाकीचं काम करायला सव्वादोनशे किलो सरपण लागतं. डोक्यावरची मोळी २०-२५ किलोची. म्हणजे नऊ ते अकरा मोळ्या. मोळीला अर्धा दिवस धरा आणि बाईचा रोज ३०० रुपये, तर नऊ अर्धे दिवस म्हणजे १,३५० रुपये. गॅस स्वस्त पडतो! पण गॅसचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या खिशातून जातात आणि मोळीचा घाम बाईचा, त्याची पावती फाटत नाही. रोजगार नसलेल्या दिवसांत तर तिच्या अर्ध्या दिवसाची किंमत शून्यच धरली जाते. म्हणून हंगामाकडे लक्ष द्या: कामं चालू असताना टाकी भरली जाते, चैत्र-वैशाखात काम नसलं की चूल परत येते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात या मोळीला बिबट्याचीही किंमत आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यात, जे १९८५ मध्ये जाहीर झालं, वनरक्षकाची. तरीही बाया जातात, याचा अर्थ पर्याय अजून परवडलेला नाही एवढाच.

भाकरीबद्दल थोडं. ‘भाकरी गॅसवर होत नाही’ हे खरं नाही. ‘गॅसवर परवडत नाही’ हे बऱ्यापैकी खरं आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईचे हात पाहा. तव्यावर एक भाकरी, चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरासमोर दुसरी उभी राहून फुगतेय, वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, कालवण रटरटतंय. एकाच जाळावर तीन कामं. वीस भाकऱ्या अशा अर्ध्या-पाऊण तासात उतरतात. शेगडीवर तवा एका बर्नरवर, भाकरी भाजायला दुसरा बर्नर, कालवण खोळंबलेलं. आणि बर्नरचं कडं लहान असल्याने दहा-बारा इंची तव्याची मधली जागा जळते, कडा कच्ची राहते. उपाय आहेत: जाड बिडाचा तवा, मोठा बर्नर, तवा आधी चार-पाच मिनिटं तापवून मग आच मध्यम, आणि भाकरी फुगवायला जाळीऐवजी तवा बाजूला सारून थेट ज्योत. पण हे दाखवायला कुणी गेलेलं नाही. शेगडी जोडून देणारा माणूस पाइप, रेग्युलेटर दाखवतो आणि निघतो. दाखवणारी बाई हवी, परातीसकट. जिथे तांदूळ-नाचणी आहे त्या मावळपट्टीत हा प्रश्न तेवढा तीव्र नाही. ज्वारी-बाजरीच्या पूर्व भागात आहे.

जाता जाता: भांडं काळं होत असेल, ज्योत पिवळी असेल, तर बर्नरची भोकं चोंदलेली आहेत आणि गॅस वाया जातोय. दाभणाने भोकं मोकळी करून बर्नर कोरडा करावा. नारिंगी पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो. २०१६-१७ च्या जोडण्यांचे मूळ पाइप अजून तसेच असतील तर त्यांची मुदत केव्हाच टळली आहे. हे आशाताईंच्या गृहभेटीत दोन मिनिटांत तपासून होईल.

बायोगॅस परिषदेच्या कृषी विभागाचाच विषय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एक किलो शेणातून ४० लिटर गॅस, म्हणजे ५० किलोतून २,००० लिटर, दोन घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४३० ग्रॅम टाकीच्या गॅसच्या बरोबरीचा. दोन घनमीटर म्हणजे रोज ८६० ग्रॅम. वरचा हिशेब आठवा: स्वयंपाक ३५५, आंघोळ ३८०, बेरीज ७३५. पाच माणसांच्या घरात दोन्ही कामं निभावणारं, रोज वापरायला पैसे न लागणारं आम्हाला माहीत असलेलं हे एकच इंधन आहे. मग ठिकठिकाणी बंद संयंत्रांच्या खड्ड्यांत निवडुंग का उगवतात?

पहिलं कारण गुरं. गोठ्यात बांधलेली संकरित गाय किंवा म्हैस दिवसाला १२-१५ किलो शेण देते. रानात चरणाऱ्या देशी गाईचं निम्मं शेण रानातच पडतं. म्हणजे चार बांधीव जनावरं हवीत. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, खेड, आंबेगावच्या दूधपट्ट्यात ती आहेत. मुळशी-वेल्ह्यात उद्दिष्ट पूर्ण करायला संयंत्रं देऊ नका, ती उपाशी मरतात. दुष्काळात म्हैस विकली की संयंत्रही गेलं. आणि ५० लिटर पाणी रोज लागतं हे टँकरच्या गावात विसरू नये.

दुसरं कारण बांधकाम. दीनबंधूचा घुमट विटांचा असतो आणि तोच गॅसची टाकी. आतला गिलावा थरांनी, नीट घोटून केला नाही किंवा पाणी मारायला आळस केला की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांतून गॅस निघून जातो आणि घरमालक समजतो की शेणातच दम नाही. आत शेण भरण्याआधी पाणी भरून, हवेचा दाब देऊन, यू-नळीत पाण्याची पातळी उतरते का हे पाहिल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये. पहिल्या भरणाला दोन टन शेण लागतं, ५० किलोचे ४० दिवस. ते आधीच साठवायला सांगावं, नाहीतर महिनाभर अर्धवट भरलेल्या खड्ड्यात माती आणि काडीच जाते. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. तो बाहेर सोडून द्यायचा असतो, आणि त्यावेळी जवळ विस्तव नको.

तिसरं कारण रोजची निगा. ज्योत लुकलुकू लागली म्हणजे पाइपमध्ये पाणी साठलंय. पाइपला १०० फुटांत एक फूट उतार आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी, एवढंच काम. पण गवंडी पाइप सोयीने वर-खाली नेतो आणि मधल्या झोळात पाणी बसतं. गोठा फिनेलने धुतला आणि ते पाणी आत गेलं की गॅस तयार करणारे जंतू मरतात, गॅस आठ-पंधरा दिवस बंद. शेणातली काडी न काढता टाकली की वर साय धरल्यासारखा थर येतो. थंडीत पाणी अधिक गार आणि गॅस कमी, हा या संयंत्राचा खराखुरा दोष आहे. दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवलं तर थोडा फरक पडतो. टाकीच्या गॅसची शेगडी बायोगॅसला चालत नाही, नोझलचं भोक मोठं लागतं. हे सगळं दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात एकही नसतो. प्रत्येक तालुक्यात दोन गवंडी आणि एक फिटर तयार करून त्यांना भेटीमागे ठरलेले पैसे द्या. पाच वर्षांचं बंद संयंत्र चालू करण्याला नव्या संयंत्राइतकंच श्रेय उद्दिष्टात मिळालं पाहिजे. आज फीत नव्याचीच कापली जाते.

संडास जोडलेल्या संयंत्राची शंका लोक काढतील. देहूत डॉ. सु. वि. मापुसकरांनी हे काम अनेक वर्षं करून दाखवलं, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहू तुमच्याच जिल्ह्यातलं. पुण्याच्या ‘आरती’ (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेचं खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र २००६ च्या ॲश्डेन पुरस्कारापर्यंत पोचलं. ते शहरातल्या घराला छान, पण गावात खरकटं उरत नाही. उरलं तर गुरांच्या घमेल्यात जातं.

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये गुंडाळला गेला. धुराड्यात काजळी साठते, पंधरा दिवसांनी झाडावी लागते. झाडली नाही की धूर तोंडाने परत येतो. लांब लाकूड जाईना म्हणून बाई चुलीचं तोंड फोडून मोठं करते आणि हवेची ओढ तुटते. धुराडं छपराच्या वर दोन फूट नेलं नाही तर वारा धूर आत ढकलतो. नव्याने चुली वाटण्याआधी हे ध्यानात घ्यावं. त्यापेक्षा स्वस्त गोष्ट म्हणजे कोरडं सरपण: लाकूड फोडून, दोन-तीन महिने छपराखाली, जमिनीपासून वीतभर वर रचून वाळवलं तर धूर उघड कमी होतो. ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं, आणि पहिला जाळ ते पाणी उडवण्यातच जातो.

इंडक्शनबद्दल फार उत्साह नको. पाच जणांच्या स्वयंपाकाला रोज तीन युनिटच्या पुढे, महिन्याला शंभरेक युनिट. शंभराच्या आत असलेलं घर पुढच्या दराच्या टप्प्यात जातं. मळ्यातल्या वस्तीवर शेतीच्या लाइनवरचा दाब संध्याकाळी पडतो, शेगडी टुक करून बंद होते. आणि घरातली निम्मी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ती त्यावर तापतच नाहीत.

ऊसतोडीला येणाऱ्यांच्या कोप्या विसरू नका. त्यांची जोडणी गावाकडे, टाकी गावाकडे, आणि इथे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत पाचटाचाच जाळ. पाच किलोची टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळते. पण ती बाजारभावाची. कारखान्यांनी ती मुकादमामार्फत न देता थेट तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला द्यावी आणि हिशेबात सवलतीच्या दराने धरावी, यासाठी परिषदेने कारखान्यांना बोलवावं. कोपीत पाण्याचं पिंप, वाळूची घमेली आणि शेगडीसाठी टाकीपेक्षा उंच ओटा हवाच. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो.

‘लोकांना चुलीचीच आवड’ असं म्हणून फाइल बंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे ३,२०० गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना १८ महिने शेगडी आणि लागेल तेवढा गॅस फुकट, घरपोच. त्या घरांत चूल जवळजवळ बंद पडली. बाळांच्या जन्मवजनात अपेक्षित फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण आवडीचा मुद्दा निकाली निघाला. धूर निम्मा केला म्हणून आजार निम्मा होत नाही, शेवटचा हंडा बाहेर पडेपर्यंत फुप्फुसाला फारसा दिलासा मिळत नाही. सिगारेट कधीही न ओढलेल्यांमधल्या दम्यासारख्या जुनाट श्वसनविकाराबद्दल पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये सहलेखकासह लिहिलं, त्यात सरपणाचा धूर हा जगभरातलं त्याचं सर्वांत मोठं कारण असू शकतो असं म्हटलं आहे.

मार्चच्या अंदाजपत्रकाआधी प्रत्येक तालुक्यातल्या दोन-दोन गावांत नवी पाहणी व्हावी. ‘गॅस आहे का’ हा रकाना काढून तीन रकाने घाला: शेवटची टाकी कोणत्या तारखेला आली, त्याआधीची कोणत्या, आणि आंघोळीचं पाणी कशावर तापतं. तारखा गॅसच्या पुस्तकातून उतरवून घ्याव्यात, तोंडी विचारू नयेत. तोंडी विचारलं की सगळे ‘महिन्याला एक’ सांगतात. आणि पाहणीला सकाळी सहाला जावं. अकराला गेलात तर हंडा पालथा घातलेला असतो आणि राख झाडून झालेली असते.

आपले,
ग्रामीण घरगुती ऊर्जेच्या कामातले काही जण
पुणे